राखाडी मातीवर पांढरा हात : कोरियाच्या बुनचॉन्ग भांड्यांचे प्रकरण

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे गांगजिन आणि पश्चिम किनाऱ्यावरचे बुआन ही दोन ठिकाणे बाराव्या शतकात सेलाडॉन भांड्यांसाठी प्रसिद्ध होती. गोऱ्यो घराण्याचा तो काळ, ९१८ ते १३९२. राजधानी उत्तरेला, भट्ट्या दक्षिणेला. माल जहाजात भरायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर न्यायचा. भांड्यांचा रंग निळसर हिरवा, जेडच्या खड्यासारखा, आणि त्यात बगळे, ढग, पाण्यावर झुकलेली झाडे. ही नक्षी रंगवलेली नसे. भांडे अर्धवट सुकले की ते कोरायचे, कोरलेल्या रेषेत पांढरी किंवा लालसर माती भरायची, वर आलेली जास्तीची माती खरवडून काढायची. मग एकदा भाजायचे, वर झिलई द्यायची आणि पुन्हा भाजायचे. एकेका भांड्यावर कितीतरी हात फिरत.

अशा कामाला तीन गोष्टी लागतात : निवडलेली माती, मुरलेले हात आणि थांबायची तयारी असलेले श्रीमंत गिऱ्हाईक. लढाया कलेची शैली बदलतात असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर एखादा संवेदनशील कलावंत येतो, ज्याने विध्वंस पाहिला आणि ज्याचा कुंचला बदलला. तसेही होते. पण हस्तकलेच्या इतिहासात लढाई बहुतेक वेळा कुणाच्या मनात शिरण्याच्या कितीतरी आधी मातीवर, माणसांवर आणि गिऱ्हाइकावर घाला घालते. शैली त्यातून बदलते. बुनचॉन्ग नावाच्या, राखाडी मातीवर पांढरा लेप दिलेल्या कोरियन भांड्यांचे प्रकरण मला त्यासाठीच महत्त्वाचे वाटते. लुटारूंच्या धाडींमुळे ही शैली जन्माला आली, एका आक्रमणाने तिचा मायदेशातला शेवट झाला, आक्रमण करणाऱ्यांच्याच देशात ती वेगळ्या नावांनी जगली आणि विसाव्या शतकात, आणखी एका लढाईनंतर, घरी परतली.

धाडींतून आलेली शैली

मंगोलांच्या स्वाऱ्या १२३१ मध्ये सुरू झाल्या आणि जवळजवळ तीस वर्षे चालल्या. दरबार गांगह्वा बेटावर जाऊन बसला. त्याही काळात सेलाडॉन बनत राहिले, पण राज्याची ताकद खचली ती खचलीच. खरा घाव पुढच्या शतकात बसला. १३५० पासून जपानच्या बाजूने येणाऱ्या समुद्री चाच्यांच्या धाडी वाढत गेल्या. त्यांचा डोळा होता सरकारी साऱ्याच्या धान्यावर, आणि ते धान्य जायचे त्याच सागरी वाटेने ज्या वाटेने भांडी जायची. किनाऱ्यालगतची गावे ओस पडू लागली. गांगजिनसारख्या मोठ्या केंद्रातले कुंभार चाक आणि साचे घेऊन आतल्या डोंगराळ भागात पांगले, आणि जिथे लाकूड, पाणी व माती मिळेल तिथे लहान लहान भट्ट्या घालून बसले.

आत गेल्यावर पहिली अडचण मातीची. गांगजिनची माती वर्षानुवर्षे पारखून घेतलेली होती. डोंगरातली माती भरड, लोह जास्त असलेली. भाजली की राखाडी, कधी तपकिरी. तिच्यावर ती जुनी झिलई चढवली तर जेडचा रंग येईना, मळकट हिरवा येई. कुंभारांनी यावर जो उपाय काढला तोच पुढे शैली झाला. पांढऱ्या मातीची पातळ राबडी करून ती भांड्यावर चढवायची आणि वर जवळजवळ पारदर्शक झिलई द्यायची. सणाआधी घराच्या मातीच्या भिंतीला चुन्याचा हात द्यावा तसाच हा प्रकार, खालचे झाकायचे आणि वर उजळ करायचे.

दुसरी अडचण हातांची. एक बगळा कोरायला लागणारा वेळ आणि कसब आता परवडत नव्हते. त्याऐवजी ठसे आले. छोट्या फुलांचे, ठिपक्यांचे, दोरीच्या पडद्यासारख्या रेघांचे शिक्के ओल्या भांड्यावर दाबायचे, खड्ड्यांत पांढरी राबडी भरायची आणि वरून पुसायचे. भराभर होणारे काम, आणि नवशिक्यालाही जमणारे. सुरुवातीला ठसे थोडे, पुढे इतके दाट की सगळे भांडे पांढऱ्या ठिपक्यांच्या जाळ्याने भरून जाई.

१३९२ मध्ये जोसॉन घराणे गादीवर आले. नव्या सरकारने या पांगलेल्या भट्ट्यांना पुन्हा एका जागी गोळा केले नाही. उलट त्या आहेत तिथूनच कर म्हणून भांडी वसूल करायची पद्धत बसवली. सेजोंग राजाच्या बखरीला जोडलेल्या भूगोलाच्या भागात देशभरातल्या ३२४ भट्टी-ठिकाणांची नोंद आहे. त्यात १३९ ठिकाणी उच्च प्रतीची भांडी होत आणि १८५ ठिकाणी साधी. म्हणजे चाच्यांनी उधळलेली माणसे पन्नास-साठ वर्षांत देशभर रुजली होती. सरकारी भांड्यांची चोरीही होऊ लागली असावी, कारण १४१७ मध्ये भांड्यावर ते ज्या खात्याचे आहे त्या खात्याचे नाव घालण्याचा हुकूम निघाला. त्यामुळे आज आपल्याला एखाद्या वाडग्यावर फुलांच्या ठशांच्या मधोमध सरकारी कोठाराचे नाव कोरलेले दिसते. अभ्यासकांसाठी ही नावे सोन्यासारखी ठरली. भांड्यांचा काळ ठरवायला त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

दरबाराने पाठ फिरवल्यावर

सुमारे १४६० च्या दशकात दरबाराने राजधानीजवळच्या ग्वांगजूला स्वतःच्या भट्ट्या घातल्या आणि तिथे शुद्ध पांढरे पोर्सिलिन बनू लागले. कन्फ्यूशियन वळणाच्या जोसॉन दरबाराला हा निर्मळ पांढरा रंग मनापासून आवडे. प्रांतांतल्या भट्ट्यांवरचा सरकारी कराचा बोजा हलका झाला, आणि सरकारी गिऱ्हाईकही गेले.

माझ्या मते बुनचॉन्गचा सगळ्यात सुंदर काळ इथून सुरू होतो. वरून नमुना येत नाही, तपासनीस येत नाही, घेणारे आता जवळच्या बाजारातले लोक, मठ, गावातली बरी घरे. कुंभार मोकळे झाले. नैऋत्येच्या जॉल्ला प्रांतात त्यांनी पांढऱ्या लेपावर मासे आणि पेओनीची फुले झरझर रेषेत कोरली आणि भोवतीचा लेप खरवडून राखाडी माती उघडी पाडली. ग्येर्योंग डोंगराच्या पायथ्याच्या हाकबोंग-रीला लोहयुक्त रंगाने गडद तपकिरी फटकारे मारले. तिथल्या बाटल्यांवरचे मासे जाडजूड, तिखट दातांचे, कधी नुसते अंग आणि शेपटी एवढेच. कुठे गवताच्या भरड कुंचल्याने लेपाचा एकच जोरकस हात गोल फिरवला, आणि कुंचल्याच्या काड्यांनी उठलेल्या रेघा तशाच ठेवल्या. किनाऱ्यावरच्या गोहुंग आणि बोसॉन्ग भागात तर भांडे बुडाला धरून सरळ लेपात बुडवले आणि बाहेर काढले. बोटे जिथे होती तिथे माती उघडी राहिली, लेपाचे ओघळ जिथे थांबले तिथे थांबले.

आज ही भांडी पाहणाऱ्यांना ती विसाव्या शतकातली वाटतात. त्या कुंभारांना मात्र आधुनिक वगैरे काही व्हायचे नव्हते. भराभर काम करायचे होते, आणि हात इतका पक्का होता की भराभर केलेलेही चुकत नव्हते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण लोकप्रिय कथेत ती गाळली जाते. बुनचॉन्ग केवळ आक्रमणाने मेले असे नाही. सोळाव्या शतकात प्रांतांतल्या भट्ट्याही पांढरे पोर्सिलिन बनवू लागल्या होत्या. सगळ्यांनाच पांढरे हवे होते. लेप आणखी पातळ, नक्षी आणखी कमी होत गेली, आणि शतकाच्या मध्यापर्यंत बुनचॉन्ग बरेच आटले होते. १५९२ ला जे जपानी आक्रमण आले त्याने एका मावळत्या शैलीला पुन्हा उठण्याची संधी ठेवली नाही. मावळत्या शैली पुष्कळदा कुठेतरी कोपऱ्यात तग धरतात आणि दोन पिढ्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यासाठी ते काम येणारे म्हातारे हात जिवंत आणि जागेवर असावे लागतात.

एका वाडग्याचा मोह

याच शतकात जपानमध्ये चहाच्या समारंभाची चव बदलत होती. चिनी, गुळगुळीत, महागड्या भांड्यांऐवजी साधी, ओबडधोबड भांडी चहागुरूंना आवडू लागली, आणि त्यात कोरियन वाडग्यांना मानाचे स्थान मिळाले. सेन नो रिक्यू हे या परंपरेतले सर्वांत मोठे नाव. त्यांचा धनी तोयोतोमी हिदेयोशी याने सगळा जपान आपल्या टाचेखाली आणला होता, आणि त्याला चहाचे वेड होते. उत्तम वाडगा सरदाराच्या प्रतिष्ठेचा भाग झाला. लढाईतल्या कामगिरीचे बक्षीस म्हणून चहाची भांडी दिली जात. १५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यूंना आत्महत्या करण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी त्याचे सैन्य कोरियाच्या बुसान बंदरात उतरले.

हिदेयोशीला चीन जिंकायचा होता, कोरिया ही वाट होती. चहाच्या वाडग्यांसाठी लढाई झाली असे म्हणणे खोटे ठरेल. पण जपानमध्ये या लढाईला पुढे 'मातीच्या भांड्यांची लढाई' असेही नाव पडले, ते तिने मागे जे ठेवले त्यामुळे.

पहिल्या स्वारीत सोल तीन आठवड्यांच्या आत पडले. मिंग चीनचे सैन्य मदतीला आले, समुद्रावर कोरियन सेनापती यी सुन-शिनच्या आरमाराने जपानी रसद तोडली, वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. १५९७ मध्ये दुसरी स्वारी आली, आणि ती पहिलीपेक्षा क्रूर होती. मारलेल्या माणसांची नाके कापून मिठात घालून जपानला पाठवली गेली. क्योतोमध्ये त्यांचा ढिगारा पुरलेले टेकाडवजा थडगे आजही आहे. केइनेन नावाचा एक बौद्ध भिक्षू त्या सैन्याबरोबर होता. त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की गुलामांचे व्यापारी सैन्याच्या मागे मागे फिरत, आणि विकत घेतलेल्या बायका-पुरुषांच्या गळ्यात दोर बांधून त्यांना ओढत नेत. हजारो माणसे अशी समुद्रापार गेली. त्यात विद्वान होते, शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, आणि कुंभार होते.

या कुंभारांबद्दल लिहिताना 'तंत्रज्ञानाचा प्रसार झाला' किंवा 'कारागीर जपानला आले' असे लिहिले जाते. मला ही भाषा मान्य नाही. ही माणसे पकडून नेलेली होती. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. ज्या थोड्यांची आहेत तीही जपानी नावाखाली झाकलेली आहेत.

कांग हांग हा कोरियन विद्वान १५९७ मध्ये कैद झाला आणि १६०० मध्ये परत आला. जपानमध्ये प्रत्येक हुन्नरात कुणा एकाला जगात पहिला ठरवतात आणि त्याच्या हाताखालून गेलेली साधी वस्तूही प्रचंड किमतीला विकली जाते, हे पाहून तो थक्क झाला होता. त्याच्या देशात कुंभार हा खालच्या पायरीचा, पिढीजात बांधलेला माणूस होता.

पकडून नेलेल्यांनी काय घडवले

हिदेयोशी १५९८ मध्ये मेला आणि सैन्य माघारी फिरले. पश्चिम जपानच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सरदाराने आपापले कुंभार आणले होते. मोरींच्या मुलखात हागी, कुरोदांच्या मुलखात ताकातोरी, होसोकावांच्या मुलखात आगानो, शिमाझूंच्या मुलखात सात्सुमा, नाबेशिमांच्या मुलखात आरिता. आज जपानी कुंभारकामातली ही घरंदाज नावे आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी कोरियन कुंभार आहेत.

आरिताची गोष्ट सर्वांत मोठी. यी साम-प्यॉन्ग नावाच्या कुंभाराला १६१६ मध्ये इझुमियामा डोंगरात पोर्सिलिनचा दगड सापडला, असे परंपरा सांगते. उत्खननातही आरिताच्या पोर्सिलिनचा आरंभ त्याच सुमाराचा दिसतो. जपानमध्ये तोवर पोर्सिलिन बनत नव्हते. भट्ट्यांनी डोंगरातले लाकूड इतके फस्त केले की १६३७ मध्ये नाबेशिमांच्या सरकारने आठशेहून जास्त जपानी कुंभारांना तिथून हाकलले आणि कोरियन वंशाच्या कुंभारांना ठेवून घेतले. त्यांच्यात एक बाईही होती, बेक पा-सॉन या नावाने ओळखली जाणारी. नवरा वारल्यावर ती आपल्या गटाची पुढारी झाली, सगळ्यांना घेऊन आरिताला आली आणि १६५६ मध्ये ९६ व्या वर्षी तिथेच गेली.

मग आणखी एका लढाईने आरिताचे नशीब उघडले. १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराणे कोसळले, जिंगदेझेनच्या भट्ट्यांचा परदेशी माल थांबला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीला युरोपसाठी पोर्सिलिन मिळेना. १६५९ मध्ये कंपनीची मोठी मागणी आरिताला आली. जपानी रंगीत पोर्सिलिन इमारी बंदरातून युरोपात गेले, आणि पुढच्या शतकात जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने त्याच्या नकला केल्या. कोरियातून पकडून नेलेल्या माणसांच्या नातवंडांचे काम युरोपातल्या राजवाड्यांच्या भिंतीवर लागले.

आणि बुनचॉन्ग? ते या झगमगाटात नव्हते. ते होते पश्चिम जपानमधल्या कारात्सू आणि हागीच्या साध्या वाडग्यांत. ठसे दाबून पांढरी माती भरणे, भरड कुंचल्याने लेपाचा एक हात फिरवणे, भांडे लेपात बुडवणे, ही तिन्ही कामे तिथे चालू राहिली. जपानी चहावाल्यांनी त्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले आणि त्यावर गुणदोषांची बारीक चर्चा केली. मायदेशात ज्या कामाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्याचे इथे शास्त्र झाले. मला यात कृतज्ञता आणि संताप दोन्ही वाटते. त्यांनी हे जपले नसते तर बरेच काही गेले असते. त्यांनी माणसे पळवली नसती तर जपण्याची पाळीच कदाचित आली नसती.

सात्सुमातल्या नाएशिरोगावा गावाची हकिकत त्याहून अस्वस्थ करणारी आहे. १५९७ मध्ये कोरियातले नामवॉन शहर पडले तेव्हा धरलेल्या कुंभारांना शिमाझूंनी इथे वसवले, आणि पुढे त्यांनी कोरियन नावे, कोरियन पोशाख, कोरियन भाषा सोडायची नाही असा दंडक घातला. दोन अडीचशे वर्षे ते गाव परक्यांचे गाव म्हणून राखले गेले. इथल्या अगदी सुरुवातीच्या वाडग्यांची माती कोरियातून आणलेली, घडवणारे कोरियन. जपानचा होता तो फक्त अग्नी. त्या वाडग्यांची ओळखही याच गोष्टीने सांगितली जाते. गावातल्या शिम घराण्यात प्रत्येक कर्ता पुरुष शिम सू-ग्वान हेच नाव लावतो. आता पंधरावे शिम सू-ग्वान काम करतात. याच गावात १८८२ मध्ये पाक आडनावाच्या घरात एक मुलगा जन्मला. मुलगा लहान असतानाच घराण्याने तोगो हे जपानी आडनाव घेतले. तोगो शिगेनोरी १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या वेळी आणि पुन्हा १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानचे परराष्ट्रमंत्री होते.

लढाईनंतर जोसॉन दरबाराने कैद्यांना परत आणायला १६०७, १६१७ आणि १६२४ मध्ये शिष्टमंडळे पाठवली. काही हजार माणसे परतली. कुंभार फारसे परतले नाहीत. जपानमध्ये त्यांना जमीन होती, मान होता, मुले तिथेच जन्मली होती, आणि धनी सोडायला तयार नव्हते. ताकातोरीचा कुंभार हाचिझान याने मायदेशी जाण्याची परवानगी मागितली तेव्हा सरदाराने त्याचे वेतन काढून घेऊन त्याला दूर धाडले, असे त्या घराण्याची परंपरा सांगते.

रिकामी झालेली भट्टी

कोरियात लढाईनंतर काय झाले, हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात. खरे तर लढाईने शैली कशी बदलते याचा सर्वांत नेमका पुरावा इथेच मिळतो. पोर्सिलिनवरच्या निळ्या नक्षीला कोबाल्ट लागतो, आणि तो चीनमधून येई. लढाई, मग १६२७ आणि १६३६ च्या मांचू स्वाऱ्या, आणि चीनमधली उलथापालथ यांत कोबाल्ट मिळेना. दरबारी समारंभात निळ्या ड्रॅगनचे रांजण लागत, आणि ते उरले नव्हते. मग कोऱ्या पांढऱ्या रांजणावर तात्पुरता ड्रॅगन रंगवून वेळ मारून नेली गेली. पुढे कुंभारांनी घरचाच लोहयुक्त रंग वापरला. सतराव्या शतकातल्या कोरियन रांजणांवरचे ड्रॅगन त्यामुळे तपकिरी आहेत, आणि वाकडेतिकडे, डोळे वटारलेले, जिवंत. हाकबोंग-रीच्या माशांचा तो बेदरकार हात इथे पोर्सिलिनवर दिसतो असे मला वाटते. हे माझे मत. दोन्हींमध्ये शे-दीडशे वर्षांचे अंतर आहे.

बुनचॉन्ग मात्र बनले नाही. तीनशे वर्षे ते जमिनीखाली, खापरांच्या ढिगात आणि थडग्यांत पडून राहिले.

परतीची वाट

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. त्याच्या आधीपासूनच जपानी संग्राहकांसाठी गोऱ्यो काळातली थडगी उकरली जात होती. याच राजवटीत काही जपानी माणसे वेगळ्या ओढीने आली. आसाकावा नोरीताका या शिक्षकाने कोरियाभर पायपीट करून शेकडो जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधल्या. त्याचा धाकटा भाऊ ताकुमी वनखात्यात होता. तो कोरियन शिकला, कोरियन कपड्यांत वावरला, १९३१ मध्ये वारला आणि त्याची कबर सोलमध्येच आहे. या भावांमुळे लोककलेचे जपानी अभ्यासक यानागी सोएत्सु कोरियन भांड्यांकडे वळले, आणि १९२४ मध्ये सोलच्या राजवाड्यात कोरियन लोककलेचे संग्रहालय उभे राहिले. १९२७ मध्ये हाकबोंग-रीच्या भट्ट्यांचे उत्खनन झाले. याच यानागींच्या वर्तुळात काही काळ सरदार गुरुचरण सिंग वावरले, ज्यांनी पुढे दिल्लीत स्टुडिओ पॉटरी रुजवली. म्हणून भारतातल्या स्टुडिओत आज कुणी राखाडी मातीवर पांढऱ्या लेपाचा भरड हात फिरवतो, तेव्हा तो धागा इथवर पोचतो.

यानागींनी कोरियन कुंभारांच्या बाजूने लिहिले, राजवाड्याचा दरवाजा पाडायला विरोध केला, हे धैर्याचे होते. पण कोरियन कला ही दुःखाची कला आहे हा त्यांचा सिद्धांत नंतरच्या कोरियन अभ्यासकांनी खोडून काढला, आणि योग्यच केले. हाकबोंग-रीची बाटली पाहा. तिच्यात दुःख शोधायला फार खटपट करावी लागेल.

या सगळ्यात कोरियन आवाज होता को यू-सॉप यांचा. गेसॉन्ग संग्रहालयाचे ते प्रमुख. जपानी चहावाल्यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही भांडी कोरियाच्या इतिहासात कुठे बसतात, सेलाडॉनशी त्यांचे नाते काय, हे त्यांनी मांडले आणि आज प्रचलित असलेले बुनचॉन्ग हे नाव त्यांनी दिलेल्या नावाचेच छोटे रूप आहे. १९४४ मध्ये, देश स्वतंत्र होण्याआधी, ते अकाली गेले.

१९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात संग्रहालयाच्या वस्तू बुसानला हलवाव्या लागल्या. पुनरुज्जीवनाला वेग आला तो १९६५ नंतर, जपान आणि दक्षिण कोरियाचे संबंध पूर्ववत झाल्यावर. जपानी पर्यटक आणि चहाचे शौकीन सोलजवळच्या इचॉनला येऊ लागले, आणि जुन्या वाडग्यांसारखे वाडगे मागू लागले. इचॉनच्या कुंभारांनी ते बनवले. शिन जॉन्ग-ही यांच्यासारख्यांनी आयुष्य घालवून सोळाव्या शतकातल्या वाडग्यांची माती आणि झिलई पुन्हा शोधली. या कामाला नकलेचा धंदा म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. तुटलेल्या परंपरेत पहिली गोष्ट हाताला परत शिकवावी लागते, आणि हात नक्कल करूनच शिकतो. खटकते ते एवढेच की काय नक्कल करायचे हे बऱ्याच अंशी गिऱ्हाइकाने ठरवले. जपानी चहाला जे रुचते तेवढे बुनचॉन्ग आधी परतले. हाकबोंग-रीचे रागीट मासे आणि बोसॉन्गचे ओघळ मागे राहिले.

ते आणले पुढच्या पिढीने. युन ग्वांग-जो १९४६ मध्ये उत्तरेतल्या हामहुंगला जन्मले, सोलच्या होंगिक विद्यापीठात शिकले आणि १९७४ मध्ये शिकण्यासाठी गेले ते कारात्सूला. कोरियन तरुणाने पूर्वजांचे काम समजून घ्यायला त्या किनाऱ्यावर जावे, जिथे त्याच्या देशातले कुंभार दोराने बांधून उतरवले गेले होते. तिथून परत आल्यावर त्यांनी जे केले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत धाडसी पाऊल वाटते. त्यांनी चहाचा वाडगा बाजूला ठेवला. पुढे तर चाकही बाजूला ठेवले. मातीच्या पट्ट्या आणि पाट जोडून तिकोनी, डोंगरासारखी उभी भांडी बांधली, त्यांवर पांढरा लेप हाताने, गवताने, कुंचल्याने फासला, ओतला, खरवडला, आणि एखाद्या भांड्याभोवती बौद्ध सूत्राची अक्षरे खिळ्याने ओल्या मातीत कोरली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले.

त्यांच्यानंतरचे ली कांग-ह्यो यांनी आणखी एक धागा जोडला. घरोघरी लोणची आणि सोयाबीनचे आंबवलेले पदार्थ साठवायला कोरियात जे मोठे रांजण लागत, ते बांधण्याचे काम मात्र लढायांतून कधी थांबले नव्हते, कारण जेवणाला त्यांची गरज होती. ली ते काम शिकले, आणि त्या माणसाएवढ्या रांजणांवर ओंजळीने लेप फेकून बुनचॉन्ग करू लागले. न तुटलेल्या गरिबाघरच्या परंपरेवर तुटलेली परंपरा उभी केली. जुन्या कुंभारांनी असे रांजण कधी केले नव्हते, आणि ली यांनी जुने जसेच्या तसे परत आणल्याचा दावाही केलेला नाही.

१९९८ मध्ये, त्या लढाईला चारशे वर्षे झाली तेव्हा, चौदावे शिम सू-ग्वान नामवॉनला गेले आणि तिथून पेटवलेला अग्नी जहाजाने सात्सुमाच्या गावी घेऊन आले. पहिल्या वाडग्यांच्या वेळी माती आणि हात कोरियाचे होते, अग्नी जपानचा. चारशे वर्षांनी माती जपानची होती, घडवणारे जपानचे नागरिक होते, आणि अग्नी कोरियाचा. कोरिया आणि जपान यांच्यातला हिशोब त्याने मिटलेला नाही. आरिताचे श्रेय कुणाचे, नेलेल्यांना काय म्हणायचे, यावर दोन्हीकडे अजून वाद होतात. इचॉन, मुनग्योंग आणि गोहुंगच्या भट्ट्या मात्र त्या वादाची वाट पाहत थांबलेल्या नाहीत. दुकानात चाळलेली, एकसारखी, लोह काढलेली माती पिशवीत मिळते, आणि तिच्यावर पांढरा लेप द्यायचे काही कारणच उरत नाही, कारण ती मुळातच पांढरी असते. त्यामुळे बुनचॉन्ग करणारे काही कुंभार आजही डोंगरात जाऊन भरड, तांबूस, लोह असलेली माती स्वतः खणून आणतात, तीच, जी सहाशे वर्षांपूर्वी पळून आलेल्या माणसांना नाइलाजाने घ्यावी लागली होती.